आईच्या हातचा मलिदा

पेणमध्ये आम्हाला "तुम्ही कोण?" असं कोणी सरळ विचारत नसे. आडून विचारत. "तुमच्यात गणपती बसतो का हो?" "तुमच्यात उपास कसले असतात?" शाळेतल्या मुली माझ्या डब्याकडे बघून अंदाज बांधायच्या आणि पोळी-भाजी निघाली की हिरमुसायच्या. माझं नाव लिया, आईचं रूथ, पप्पांचं शमुवेल, त्यामुळे बहुतेक जण आम्हाला ख्रिश्चन धरत आणि मी गप्प राहत असे. आई खरोखरच ख्रिश्चन होती, नगरकडची. पप्पा रोह्याचे बेने इस्राएल. त्यांच्या लोकांना जुनी माणसं अजूनही शनवार तेली म्हणतात, कारण पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. या दोघांतली मी कोण, हा प्रश्न मला बराच उशिरा पडला, आणि ज्या दिवशी पडला त्याच दिवशी त्याचं उत्तरही मिळालं, न मागता.

अशा आठवणी माणसं म्हातारपणी लिहितात. मी म्हातारी नाही. पण ज्यांच्याविषयी लिहायचं ती माणसं एकेक करून विमानात बसली किंवा मातीत गेली. "असं नव्हतं गो" म्हणून मला अडवायला इथे आईशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि ती अडवायची नाही. तेव्हा थांबायचं कशासाठी?

आम्ही कासीमचाचांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली चाचा, हलिमाचाची आणि त्यांच्या कोंबड्या. चाचा उमेदीत कुवेतला क्रेन चालवायचे. आता मुलगा रिझवान तिकडे होता आणि चाचा गावाकडची भातशेती बघत. घरामागे मूर्तींचा कारखाना होता. तिथे दिवसभर मूर्ती घासायची खरखर चाले आणि आईने वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक पांढरी भुकटी बसे. आई एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. पप्पा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत होते, शिफ्टमध्ये. त्यामुळे आमच्या घरात झोपायच्या आणि जेवायच्या वेळा बदलत राहायच्या, बदलायचा नाही तो फक्त शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी आई तेलाचा दिवा लावायची. दुपारी भिजत घातलेल्या काळ्या मनुका कुस्करून, गाळून ती त्यांचं सरबत करायची, कारण पप्पांना प्रार्थनेला ते लागे. दूध आणि मटण एका जेवणात नाही, कोलंबी नाही, खेकडे नाहीत. बाजारात ओल्या जवळ्याचा ढीग बघून माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि आई मला पुढे ओढायची. नियम पप्पांचे होते. पाळायची आई.

प्रार्थना झाली की हातबोशी. ही आमच्या लोकांची रीत आहे आणि ती मला फार आवडायची. मोठा माणूस दोन्ही हात पुढे करतो, समोरचा ते आपल्या हातांत घेतो, मग दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. तोच पुढे तिसऱ्याला हात देतो, तिसरा चौथ्याला, अशी ती सगळ्या खोलीभर फिरते. आमच्याकडे खोलीत तीनच माणसं, त्यामुळे ती लगेच संपायची. पण रोह्याला हन्ना आत्याकडे, सणाला पंधरा-वीस माणसं असली की हात माझ्यापर्यंत कधी पोहोचतात याची वाट बघत मी भिंतीला टेकून उभी राहायची. मला बोलता येत नसे. चारचौघांत माझं तोंडच उघडत नसे, आणि इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी ऐकून आत्याकडची मुलं हसायची. हातबोशीला बोलावं लागत नसे. हात पुढे केला की झालं.

पप्पांची आणि चाचांची गच्चीवर बैठक असायची. दोघंही अब्राहामाचे, एक इसहाककडून आणि एक इस्माईलकडून, त्यामुळे अब्राहामाने देवाला द्यायला सुरीखाली धरला तो मुलगा कोणता, यावरून बकरी ईदला त्यांचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"सामूशेठ, सुरीखाली इस्माईल होता. लिवून ठेवा."

"चाचा, इसहाक होता. आमच्यात आधीपासून लिहिलेलं आहे."

"बरं, मुलगा तुमचा. बकरा तरी आमचा माना, आत्ताच खाल्लाय तुम्ही!"

रविवार असला तर मार्थामावशीही असे. मावशी आईची मोठी बहीण, त्याच दवाखान्यात नर्स, लग्न न केलेली, घरी प्रार्थनासभा घ्यायची. ती खुर्ची ओढून मधे बसायची. तिचं म्हणणं एकच असे: देवाने पूर्वजांशी केलेला करार येशूमध्ये पुरा झाला, आता वंश कोणाचा हे बघायचं कारण नाही, ज्याचा विश्वास त्याचा करार. त्यावर चाचा मान हलवत. "वंशावर नाय, हे बरोबर बोललात सिस्टर. आमच्यात पण इब्राहिमनं अल्लाला विचारलं, माझ्या औलादीचं काय? तर जबाब मिळाला, जो जालिम हाय त्याला हा वायदा नाय. औलाद असून भागत नाय. करणी लागते."

पप्पा हसायचे. "आमचं सोपं आहे. आठव्या दिवशी मुलाची सुंता केली की करारावर सही झाली. मग जन्मभर कोणी विचारत नाही."

"आणि मुली?" मावशीने एकदा विचारलं.

"मुली आईवर जातात," पप्पा म्हणाले, आणि सगळे हसले, कारण मी दिसायला हुबेहूब आईसारखी आहे. मीही हसले. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

मी नववीत असतानाच्या पावसाळ्यात अंबा नदीला पूर आला. पप्पा सेकंड शिफ्ट संपवून नागोठण्यातून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले. आठवडाभराने ताप चढला, डोळे पिवळे झाले. आई नर्स, तिला लगेच कळलं हा साधा ताप नव्हे. लेप्टो, पुराच्या घाण पाण्यातून होणारा. मूत्रपिंडापर्यंत गेला होता. ते दिवस मला दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकासारखे आठवतात, लांबलचक आणि थंड. मावशी खाटेच्या पायथ्याशी डोळे मिटून उभी राही. चाचा बाटलीतल्या पाण्यावर दुवा फुंकून आणत आणि आई, जी रुग्णांच्या नातेवाइकांना असलं काही आणू देत नसे, ते पाणी चमच्याने पप्पांच्या ओठांना लावी. एका दुपारी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. ती परत आली, आणि तिने रोह्याला आत्याला फोन लावला. मी शेजारीच होते.

"आक्का, तुमच्या एलियाहूला सांगा. हे उठले तर मी मलिदा करीन."

आत्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "मी कशाला सांगू? तूच सांग गो. त्याला मराठी कळतं."

एलियाहू हन्नबी म्हणजे आमचा प्रेषित, जिवंत स्वर्गात गेलेला. कोकणातल्या बेने इस्राएलांचा त्याच्याइतका भरवसा दुसऱ्या कोणावर नाही. नोकरी, लग्न, आजारपण, सगळ्यासाठी त्याला नवस बोलतात आणि काम झालं की मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, मनुका, सुकामेवा, भोवती फळं. ताट मधे ठेवून पुरुष भोवती बसतात, एलियाहूचं नाव घेतात, आशीर्वाद म्हणतात, मग सगळ्यांना घास मिळतो. आईने हे दरवर्षी आत्याकडे पाहिलेलं होतं. व्हरांड्यात खिडकीच्या गजाला धरून ती त्याला मराठीत काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

पप्पा उठले. हळूहळू, भिंत धरत, पण उठले. मावशी म्हणाली, प्रभूने उठवलं. चाचा म्हणाले, अल्लाचं करणं. आई म्हणाली, पोहे घ्यायला हवेत.

मलिदा रोह्याला करायचं ठरलं, कारण पुरुष तिकडे जमले असते. शिवाय आत्याचा मोठा मुलगा दानियलदादा त्याच सुमारास इस्राएलहून सुट्टीवर आला होता. आम्ही आदल्या दिवशी गेलो. कुंडलिका नदीच्या बाजूला आत्याचं घर, पुढे पडवी, दारावर मझुझाची, म्हणजे आत प्रार्थना लिहिलेल्या चर्मपत्राची, छोटी डबी, आत जाताना तिला हात लावून ओठांना लावायचा. दानियलदादा पूर्वी क्रिकेट खेळणारा, मोठ्याने हसणारा मुलगा होता. आता त्याला दाढी होती, डोक्यावर सतत टोपी, आणि आवाज हळू झाला होता. त्याने सगळ्या मुलांना चॉकलेटं वाटली. जेवताना त्याने आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. तिकडे लग्नाची नोंद करायला गेला तर समोरच्या माणसाने विचारलं, तुमची आई ज्यू कशावरून? तिची आई कशावरून? भारतातले ना तुम्ही? कुठले कुठले कागद मागितले.

"नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं तेव्हापासून शनिवार पाळतोय आम्ही," तो म्हणाला. "समुद्रात पोथ्या गेल्या, भाषा गेली, तरी शनिवार सोडला नाही. आणि तो मला विचारतो, कशावरून."

आत्या रडायला लागली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आईच म्हणाली, "कसली माणसं असतात."

आज लिहिताना मला ते जेवण सगळ्यात जास्त खुपतं. पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्याला चांगलं ठाऊक होतं तो प्रश्न लागतो कुठे. चॉकलेटांच्या पिशवीतून तो तोच प्रश्न घरी घेऊन आला होता.

सकाळी आई आणि आत्या दोघी स्वयंपाकघरात होत्या. भांडी आत्याची, घर आत्याचं, पण नवस आईचा म्हणून पोहे आईने भिजवले, नारळ आईने खवला. आत्या वेलची कुटत होती आणि पप्पांच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होती. दोघी खूप हसत होत्या. मी डाळिंब सोलत होते. बाहेर पांढरी चादर अंथरून पुरुष बसत होते. पप्पा अशक्त, टेकायला उशी घेऊन, पांढऱ्या टोपीत लहान दिसत होते. ताट तयार झालं. आईने वर एक गुलाब ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. इतकी खूश मी तिला फार वेळा पाहिलेली नाही.

दानियलदादा ताट न्यायला आत आला.

"मलिदा कोणी केला?"

"रूथनं. नवस तिचा ना," आत्या म्हणाली. "का रे? गोड कमी झालाय?"

त्याने ताट उचललं नाही. "आई, जरा आत ये." दोघं मधल्या खोलीत गेले. पडदाच होता, कुजबुज ऐकू येत होती. बाहेर आली तेव्हा आत्या आमच्याकडे बघेना. तीच वेलची पुन्हा कुटायला लागली. शेवटी दानियलदादाच बोलला, अगदी मऊ आवाजात.

"मामी, राग मानू नका. खायला काही हरकत नाही. पण ज्यावर आपण बेराखा, आशीर्वाद म्हणतो ते आपल्यातल्या बाईच्या हातचं हवं. तिकडे हे फार काटेकोर बघतात."

"इथे आजवर कोणी बघितलं नाही," आई म्हणाली.

"इथे आजवर कोणाला नियम माहीत नव्हता." मग समजावून सांगावं तसं: "हा करार आहे मामी. देवाने आपल्या पूर्वजांशी केलेला. त्यात कोण आणि कोण नाही, ते आपण नाही ठरवत. आई ज्यू असेल तर मूल ज्यू. बाप असून उपयोग नाही. आता ही लिया..."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. माझ्या हातात अर्धं सोललेलं डाळिंब होतं. बोटं लाल झालेली. मला पप्पांचं गच्चीवरचं हसणं आठवलं: मुली आईवर जातात.

मी जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा उघडलं. "रूथ पण बाहेरचीच होती," मी म्हणाले. "बायबलमधली. मवाबची. आणि दावीद राजा तिच्याच वंशात झाला." शाळेच्या वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकात मी ती गोष्ट वाचली होती, आईच्या नावाची म्हणून.

"अगो बाय! बोलली आमची मुकी!" आत्या जवळजवळ ओरडलीच. तिच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं हसू आलं. "ऐक दानू. आता बोल!"

दानियलदादा हसला नाही. मला मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं, याचं तेव्हाही मला कुठेतरी बरं वाटलं. "बरोबर आहे लिया. पण त्या रूथने आधी सासूला सांगितलं, तुझा देव तोच माझा देव. मग ती आपल्यातली झाली. मामींनी तसं कधी सांगितलं का?"

आत्याने आईचा दंड धरला. "मग सांग ना गो. आत्ता सांग. इथंच सांग. काय जातंय तुझं? एक वाक्य तर हाय."

आईने पदराला हात पुसले. दारातून बाहेरची चादर दिसत होती, पप्पांची टोपी दिसत होती. इतक्या जवळून त्यांना ऐकू येत नसेल असं शक्यच नव्हतं. आई त्या टोपीकडे बघत राहिली. टोपी हलली नाही.

"नाही," आई म्हणाली. "माझा देव मी सोडलेला नाही. यांनी कधी सोडायला सांगितलंही नाही. नवस मी तुमच्या एलियाहूला केला. त्याने मला विचारलं नाही, तू कोणाची."

बाहेरून एका म्हाताऱ्या काकांचा आवाज आला, "अरे होतंय का नाय? माझी गाडी हाय दुपारची!"

आत्याने डब्यातले उरलेले पोहे काढले. दुसरं ताट. नारळाची दुसरी कवड घेऊन ती खवायला बसली. आई सवयीने पुढे झाली, खवणीकडे हात गेला, आणि मध्येच तिने तो मागे घेतला. तेवढंच. मग ती आपलं ताट स्वच्छ फडक्याने झाकायला लागली, चारी कोपरे नीट ताणून, दवाखान्यात चादर ताणतात तसे.

मी दारात उभी राहून सगळं बघितलं. पुरुषांनी एलियाहूचं नाव घेतलं, आवाज चढत गेले, पप्पांचाही. पप्पांना आवाज चांगला होता. दानियलदादाने पहिला घास त्यांच्या तळहातावर ठेवला, कारण बरे ते झाले होते. तळहातावरच्या पोह्यांकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मला वाटलं ते म्हणतील, रूथचं ताट कुठे आहे. मी इतकं मनापासून पुन्हा काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांनी घास खाल्ला.

मग हातबोशी. दानियलदादाने पप्पांना हात दिले, पप्पांनी काकांना, काकांनी पुढच्याला, मग बायका-मुलांना हात द्यायला दानियलदादाच आला. आत्याच्या नातीने त्याचे हात घेतले आणि आपली बोटं ओठांना लावली. तिच्यानंतर मी होते. मी हात पुढे केले, अजून बोटांवर डाळिंबाचे डाग. दानियलदादा गोंधळला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने खिशात हात घातला आणि माझ्या पसरलेल्या हातांत एक चॉकलेट ठेवलं. गालावर थोपटलं आणि माझ्या पलीकडच्या मुलाला हात दिले. आत्याने ते पाहिलं. तिने आपला पदर सारखा केला.

संध्याकाळच्या शटलने आम्ही पेणला निघालो. गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. ताट आईच्या मांडीवर, फडक्याखाली. रोहा सुटलं, निडी गेलं. नागोठण्याजवळ कंपनीच्या चिमणीची ज्वाळा दिसली, पप्पा तिकडेच बघत होते.

"घरी गेलो की खाईन मी," ते म्हणाले. "दोन घास जास्त खाईन."

आईने मान हलवली. कासू गेलं. पेण आलं. घरी पोहोचल्यावर पप्पा दमले होते, औषध घेऊन झोपले. सकाळी शिफ्टबद्दल कंपनीतून फोन आला, मग भेटायला माणसं आली. त्यांनी ताट मागितलं नाही आणि आईने वाढलं नाही.

मलिदा टाकायचा नसतो. आईने वाट्या भरल्या. मार्थामावशीने रोह्याचं ऐकलं मात्र, तिचा चेहरा उजळला. दोन वाट्या खाल्ल्या तिने, चव घेत घेत. "आम्हाला सगळं चालतं बाई. नियम संपले आमचे. छान झालाय." मग तिने मला जवळ ओढलं. "तिथे हात दिला नाही ना तुला? आमच्याकडे सगळ्यांना देतात. बाप जन्माने कोणीही असो. फक्त बाप्तिस्मा घे. ईस्टरला घे." तिच्या बोटांना वेलचीचा वास येत होता. माझ्या लक्षात आलं, इथेही दारावर डबी आहे, फक्त वेगळ्या उंचीवर लावलेली.

हलिमाचाचीने वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "सामूभाई बरे झाले त्याचा ना? आण गो, आण." दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी खुराड्यापाशी थांबले. कोंबड्या पोहे टिपत होत्या. मनुका त्यांनी बाजूला सारल्या होत्या. त्या संध्याकाळी चाची वाटी परत द्यायला वर आली; रिकामी वाटी देऊ नये म्हणून तिने त्यात खजूर भरले होते. ती उंबऱ्यातच उभी राहिली. "रिझवान आलाय ना सुट्टीवर. तो बोलला, अल्लाशिवाय कोणाच्या नावाचं असेल ते नाय चालत. पोरगा शिकलेला हाय, आम्ही काय बोलणार." मग खाली बघून, हळूच, "मी त्याच्या आधी एक घास खाल्ला गो. चांगला झाला होता."

औलाद असून भागत नाही, करणी लागते, असं चाचांनी गच्चीवर किती छान सांगितलं होतं. त्या दिवसानंतर गच्चीवर अब्राहामाचा विषय निघाला की मी खाली निघून जायची. तिघांचा बाप एक, तिघांचा करार त्या एकाच माणसावरून. एकाला आईचं रक्त हवं, एकीला माझं पाण्यात बुडणं, एकाला माझ्या आईच्या नवसातून एक नाव कमी हवं. आईने वाटीभर पोहे पुढे केले होते, एवढंच.

उरलेला मलिदा आम्ही दोघींनी खाल्ला, ओट्यापाशी उभ्या राहून, ताटातूनच. नारळ जरासा आंबला होता. आई म्हणाली, "खा. अजून चांगला आहे." तेव्हापासून आमच्या घरी मलिदा झाला नाही. शुक्रवारचा दिवा आई लावत राहिली, मनुका भिजवत राहिली, पप्पांना लागत होत्या म्हणून. पण प्रार्थनेनंतर पप्पांनी हात पुढे केले की तिला नेमकं गॅसवर काहीतरी बघायचं असे.

मोठी झाल्यावर मी बरंच वाचलं, जाणकारांना विचारलं. पोहे भिजवणारी बाई कोण असावी याचा नियम मला कुठेही सापडला नाही. शिजवलेल्या अन्नाचे नियम आहेत, पोहे तर शिजवतही नाहीत. दानियलदादाने तो नियम कुठून आणला देव जाणे. बहुतेक अर्धवट ऐकला असेल आणि भीतीने पुरा केला असेल. आईविषयीचा नियम मात्र खरा होता. मी करारात नाही. ते वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं इतकंच, की त्या दिवशी माझ्या बापाला हे सगळं ठाऊक होतं. त्यांना सही लागू होती. त्यांनी एक घास थांबवला असता तर त्यांची सही कोणी पुसणार नव्हतं.

पप्पा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. रोह्याला पुरलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते पेण, अलिबाग, मुंबईहून जमवावे लागले. आई फाटकापाशी उभी राहिली. कोणी तिला थांब म्हटलं नव्हतं. कोणी ये असंही म्हटलं नाही.

गेल्या वर्षी आत्याही तिकडे गेली, दानियलदादाकडे. जायच्या आधी निरोप घ्यायला पेणला आली. खूप वाकली होती. आईने चहा केला. आत्या घराबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, आणि मग म्हणाली, "रूथ, आता रोह्याला कोणी उरलं नाय गो. पावसानंतर रान माजतं. सामूच्या दगडावर वेल चढतो. तू जात जा अधूनमधून. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?"

आईने कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती.

"ज्यांचा करार, त्यांची राखण, आक्का."

आत्याने चहा पूर्ण संपवला. आई कधीच गेली नाही, आणि जाणार नाही.

मी जाते. का, ते मला नीट सांगता येत नाही. क्षमा वगैरे काही केलेली नाही. पाऊस सरला की रोह्याची गाडी पकडते, कोयता पिशवीत असतो. यंदा गवत कमरेइतकं होतं. मी दगड मोकळा करत होते तेव्हा आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे तिच्या मागे दानियलदादाच्या मुलांचा गलका चालला होता.

"काढलंस ना गो गवत? बघू. दाखव."

मी फोन दगडाकडे फिरवला. हिब्रू अक्षरं, खाली मराठी. आत्या बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "शाणी माझी ती. हात दे." तिने आपले दोन्ही हात पुढे केले, इतके की पडद्यावर फक्त तळहात दिसत होते, रेषांसकट. मग बोटं ओठांना लावली आणि वाट बघत राहिली.

माझे हात मातीने भरलेले होते. मी फोन पप्पांच्या दगडाला टेकवून ठेवला, तिला दिसेल असा, आणि गवत काढत राहिले.